सुनावणी कुठे?

दोन मालवाहू जहाजं धडकली. समोरच्या कप्तानाला उघडा पाडायला आपला कप्तान नुसता टपला होता. पण खटला कुठल्या शहरात चालवायचा, यावरच वकिलांची जुंपली. खटला आपल्याकडे यावा म्हणून एका शहराने कोर्टाची फी निम्मी केली, दुसऱ्याने झटपट निकालाची हमी दिली, तिसऱ्याने वर दुपारचं जेवण फुकट देऊ केलं. नऊ वर्षं दोन्ही कप्तान सहकुटुंब या शहरातून त्या शहरात हेलपाटे घालत, एकाच बाकावर ताटकळत राहिले.

अखेर शहर ठरलं. न्यायाधीशांनी विचारलं, "चूक कुणाची?"

"माझीच, साहेब," आपला कप्तान घाईघाईने म्हणाला.

"अहो, पण तुमच्या जबानीत तर यांची लिहिलीय!"



"तेव्हा ते परके होते, साहेब. आता व्याह्यांची चूक काढली, तर माझ्या लेकीला सासरी ऐकून घ्यावं लागेल!"