उष्टा प्याला

निजामाच्या अमलातल्या पिशोरच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या दिवशी द्राक्षरसाच्या सामाईक प्याल्यातला पहिला घोट पाळक शांतवनराव घेत, आणि सगळ्यांचं तोंड लागून उरलेला शेवटचा घोटही रिवाजाप्रमाणे त्यांनाच संपवावा लागे. तोवर मंडळीतल्या सांडूच्या झुपकेदार मिशा त्यात आंघोळ करून निघालेल्या, वर तंबाखूचा चुरा तरंगलेला! प्रभूचं खरंखुरं रक्त म्हणून ते डोळे मिटून गिळत. मग त्यांनी वर्षानुवर्षं जाडजूड ग्रंथ उपसले आणि एका रविवारी तपकिरीनं गळणारं नाक पुसत जाहीर केलं, "हे रक्त नव्हे, नुसती खूण आहे. यापुढं ज्यानं त्यानं आपापली वाटी आणावी."



सांडूनं हात जोडले. "लई उपकार झाले, पाळकसाहेब! रगत म्हणून आम्हीबी डोळे मिटूनच गिळत व्हतो, नायतर तुमच्या त्या नाकानंतर प्याल्याला कोण तोंड लावतंय?"