कंधारचा समुद्र

अव्वाने गाडीचं पुढचं दार लावून टाकलं आणि मागचं उघडलं.

"गिऱ्हाईक मागंच बसतंय," ती म्हणाली आणि पदर सावरून खिडकीशी टेकली. "चला ड्रायव्हर."

मंजुश्रीने हसू आवरलं. अट अव्वाची, म्हणजे तिच्या आईचीच होती. बसलिंगप्पा, म्हणजे मंजुश्रीचे वडील, तिचे अप्पा, जाऊन दोन महिने झाले होते. त्यांची टुरिस्ट गाडी उदगीरच्या घरापुढे धूळ खात उभी होती. संगमेश्वरकाकांनी घेणारा शोधला होता. तो आज संध्याकाळीच यायचा होता. "पोरीच्या जातीनं असली गाडी चालवायची का?" असं काकांचं म्हणणं. मंजुश्रीला ती चालवायचीच होती. अव्वाने दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल पुढे ढकलला.

"मला एक दिवस फिरवून आण. अप्पा फिरवायचे तसं. सगळं दाखव, सगळं सांग. मग ठरवते."

अप्पांची ती सहल नावाजलेली होती. द्राक्षमळ्यात वाईनची चव, कंधारचा किल्ला आणि शेवटी समुद्र. मराठवाड्यात कुठला आलाय समुद्र, म्हणून पाहुणे जाताना हसत. येताना कुणी हसत नसे. पुण्या-हैदराबादची माणसं अप्पांच्या गोष्टी ऐकायला म्हणून यायची. अव्वा मात्र एकदाही आली नव्हती. गाडीत जागा उरली तरी ती गिऱ्हाईकाचीच असायची.

मुखेडच्या अलीकडे अमृतरावांच्या मळ्यात दोन पेले समोर आले. मंजुश्रीला गाडी चालवायची होती. तिने नुसता वास घेतला आणि अप्पांचं ठरलेलं वाक्य टाकलं.

"पहिला घोट नव्या सुनेसारखा, अंग चोरून बसतो. दुसरा माहेरी आलेल्या लेकीसारखा, घरभर फिरतो."

अमृतराव नेहमीसारखे खळखळून हसले. अव्वा हसली नाही. तिने करंगळीचं टोक पेल्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. ज्या घरात कांदासुद्धा सोमवारी चालत नाही, त्या घरातली ही बाई. मंजुश्री बघतच राहिली.

"आंबट हाय," अव्वा म्हणाली. "माहेर आंबट नसतंय. बदलाया पायजे."

"वैनी, दुसरी देऊ का?"

"वाईन ऱ्हाऊ द्या हो तुमची. मी वाक्याचं म्हनतीया."

किल्ल्यात ती मंजुश्रीच्या पुढे चालत होती. मधेच थांबून म्हणाली, "ती फुटकी खिडकी कुठंय?"

खिडकीची गोष्ट अजून यायची होती. मंजुश्रीने खिडकी दाखवली आणि लढाईवर गेलेल्या शिपायाच्या बायकोची गोष्ट सांगितली. अप्पांच्याच शब्दांत, अप्पा श्वास घ्यायचे तिथे श्वास घेऊन. अव्वाचे ओठ हलत होते. गोष्ट संपली तशी तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"इथनं रस्ता दिसतच न्हाई की! मग ती बाई बगत काय होती, भिंत?"

"अव्वा, गोष्ट आहे ती."

"असू दे. गोष्टीत खोटं बोलावं, खिडकीत न्हाई."

दोन ठिकाणं झाली होती आणि गिऱ्हाईक दोन्हीकडे नाराज होतं. काकांचा फोन येऊन गेला. गाडी घेणारा माणूस येऊन बसला होता.

उन्हं उतरताना दोघी समुद्राच्या काठावर आल्या. एका राजाने फार पूर्वी बांधलेलं हे तळं. गाव त्याला समुद्रच म्हणतं. पलीकडचा काठ धुरकट दिसत होता आणि वारा पडला होता. अव्वाने कपाळाशी हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी पाहिलं. मग मान हलवून म्हणाली, "हं. सांग."

"राणी समुद्राकाठची होती," मंजुश्रीने सुरुवात केली. "लग्न होऊन या कोरड्या मुलखात आली आणि झुरायला लागली. राजाने तिच्यासाठी एवढा समुद्र खोदला. राणी आली, तिने बघितलं आणि म्हणाली, पाणी आहे, पण लाट कुठंय? तेव्हा राजा पलीकडे जाऊन बसला आणि एकेक दगड पाण्यात टाकू लागला. तिच्या पायापर्यंत लाट यावी म्हणून. आणि बघा..."

पुढचं वाक्य तिला पाठ होतं. *बघा, तो अजून टाकतोय.* इथे अप्पा हळूच पाण्याकडे बोट दाखवत आणि पाहुणे खरंच बघत. मंजुश्रीने बोट उचललं. वाक्य आलं नाही. दोन महिने कोरडे राहिलेले डोळे अवेळी भरून आले. झालं, तिला वाटलं. गाडी गेली.

"मग एके दिवशी राजा दमला," शेजारून अव्वाचा आवाज आला. शांत, ठाम. "तिथंच आडवा झाला. राणीनं लई वाट बगितली. पाणी काय हललं न्हाई. मग ती उठली. दगड तिनं उचलला."

अव्वा वाकली. हाताला लागला तो दगड तिने पाण्यात टाकला. वर्तुळं मोठी होत काठाला आली आणि तिच्या चपलेला लागली.

"पोचतीया बग," ती स्वतःशीच म्हणाली.

फोन पुन्हा वाजला. या वेळी तो अव्वाने घेतला.

"भाऊजी, आलेल्या माणसाला च्या पाजा आन् वाटंला लावा. गाडी कामावर हाय."

गाडीपाशी परत आल्यावर तिने पुढचं दार उघडलं आणि मंजुश्रीच्या शेजारी बसली. मंजुश्रीने डोळे पुसले, किल्ली फिरवली, पण गाडी हलवली नाही.

"राजा दमल्याची गोष्ट अप्पांनी कधीच कुणाला सांगितली नव्हती, अव्वा."

"कशी सांगतील?" अव्वा म्हणाली. "बाकीच्या मी त्यांना जेवताना सांगायची. ही आत्ताच सुचली."