रिकाम्या मादीचा बिल्ला

ज्या वर्षी तिम्माच्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी जंतूंवर अजून लागू पडणारं शेवटचं औषध फक्त पैदाशीच्या डुकरिणींसाठी राखून ठेवलं गेलं. त्यांच्या पिल्लांची हृदयं शहरातल्या रोग्यांना बसवत. तिम्मा असाच एक कळप राखी. तिथलं यंत्र कानातला बिल्ला वाचून ताप बघे, सुई टोची आणि त्या बिल्ल्यावरच्या सुया मोजी. दोन सुयांत ताप उतरला नाही, तर तिसरी सुई मारण्याची असे, म्हणजे रोग पसरत नसे.

लग्नाची रजा संपवून तिम्मा परतला, तोवर बायकोच्या, यल्लव्वाच्या, पायाची जखम चिघळून ती तापानं फणफणली होती. बिल्ला मिळाला तर औषध मिळेल, एवढंच त्याला सुचलं. गाभण जनावराच्या अंगावरचं काही काढायचं नाही, ही त्याच्या घरची रीत. म्हणून त्यानं कळपातल्या एकुलत्या रिकाम्या मादीचा बिल्ला काढून यल्लव्वाच्या कानात अडकवला.

"अवं, डोरलं बांधलंत तवा एवढं दुखलं न्हवतं."

"गप. आता तू माझी लाडकी डुकरीन."

"मग पेंड जास्त घाला की," ती हसली आणि यंत्रापुढे ओणवी झाली.

सुई टोचल्यावर पडद्यावर आकडा उमटला, तीन. ती मादी रिकामी का, हे तिम्मानं कुणाला विचारलंच नव्हतं. तो लग्नात असताना तिला ताप आला, गर्भ पडला आणि दोन सुया वाया गेल्या होत्या.

यल्लव्वा त्याच सकाळी, सोमवारी, मेली. ती मादी मंगळवारी, तापानं.