आठ महिने गैरहजर

सेक्रेटरीबाईंनी ज्येष्ठांच्या मंडळाचं हजेरीपुस्तक मुलीपुढे सरकवलं. तिने फोनवरून नोंदवलेल्या वडिलांच्या नावासमोर ओळीने आठ महिने गैरहजेरी होती.

"एकदाही फिरकले नाहीत हो. मी म्हटलं, असतील आजारी."

मुलीला काही उमगेना. दर मंगळवारी पाच वाजता ती स्वतः वडिलांना या सभागृहाच्या दारात सोडत होती आणि सातला घ्यायला येत होती. डॉक्टरांनी बजावलंच होतं: गोळ्यांनी रक्तदाब हलत नाही, घरात कोंडून राहू नका, चार माणसांत बसा. आज मात्र आकडा आणखी वर गेलेला निघाला. चार माणसांत बसून कोणाचा रक्तदाब चढतो? ती चार माणसं आहेत तरी कोण, हे बघायला ती आज पहिल्यांदाच आत आली होती.

"मग दोन तास ते जातात कुठे?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून चहाचा ट्रे आला. ट्रेमागे वडील. उभं आयुष्य पुस्तकांच्या बांधणीत गेलेले हात ते. एकही कप हिंदकळत नव्हता. खुर्च्यांच्या रांगेतून ते सराईतपणे फिरले. बिनसाखरेचा कोणाला आणि अर्धाच कोणाला, सगळं तोंडपाठ.

"बाबा?" मुलगी म्हणाली.

"बाबा कुठले, हे आमचे मामा," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "सभागृहाने ठेवलेत कामाला. लाखात एक माणूस. कधी दांडी म्हणून नाही."

दारातल्या वॉचमनने मान वर केली. "सभागृहाने कुठं? मला वाटलं, तुमच्या मंडळाने ठेवलेत."

मग तिघंही बाबांकडे बघत राहिली. बाबांनी रिकामा ट्रे छातीशी धरला. चेहरा चोरी पकडल्यासारखा. मुलीला राग आला आणि रडूही आलं, पण नेमकं कोणावर रागवायचं तेच कळेना.

"बाबा, तुम्हाला इथे बसायला पाठवलं होतं."

"बसणारच होतो गं. पहिल्या दिवशी खुर्च्या लावायला कोणी दिसेना, म्हणून लावल्या. मग चहा उतू चालला होता."

"आठ महिने?"

"दर वेळी काहीतरी निघायचंच," ते अडखळत म्हणाले. सकाळी डॉक्टरांनी लहानपणाचं विचारलं तेव्हाही ते असेच अडखळले होते. सातव्या वर्षी काकूकडे राहायला गेलो, म्हणाले. मी बसलेला दिसलो की ती त्या दिवशी मला जेवायला वाढायची नाही. एवढं सांगून वर हसले होते. रक्तदाबाशी याचा काय संबंध, असं मुलीला तेव्हा वाटलं होतं.

सेक्रेटरीबाई पार ओशाळल्या. त्यांनी ट्रे काढून घेतला, मधोमध एक खुर्ची ओढली आणि स्वतः चहा ओतून आणला. "बसा हो मामा... म्हणजे, काका. आज आम्ही देतो."

बाबा खुर्चीच्या कडेला टेकले. सगळं मंडळ त्यांच्याकडे कौतुकाने बघू लागलं. आता त्यांच्या हातातला एकच कप हिंदकळला आणि चहा बशीत सांडला. ते फडकं आणायला उठले. मुलीने खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा बसवलं.

ती खाली वाकली.

"मी असाच बसून राहिलो," त्यांनी तिच्या कानात विचारलं, "तर पुढच्या मंगळवारी मला आत घेतील का?"