भावाची शेळी

ताईला डायलिसिसच्या मशीनला जोडलं की थोड्याच वेळात तिचा धाकटा भाऊ किटलीतून शेळीचं दूध घेऊन हजर व्हायचा.

"घे ताई, घरच्या शेळीचं आहे. किडनीला फार चांगलं म्हणतात."

आहारतज्ज्ञ बाईंनी त्याला बजावून ठेवलं होतं, दूध कुठलंही असो, ताईला अर्धा कपच. तो इमानानं अर्धा कप मोजून तिच्या हातात द्यायचा आणि उरलेली किटली उभ्या उभ्या स्वतःच्या तोंडाला लावायचा. वाया कशाला घालवायचं? दूध अंगी लागलं ते त्याच्याच. गडी चांगला गरगरीत झाला होता.

आज तो गेल्यावर शेजारच्या खाटेवरची नवी बाई म्हणाली, "नशीब काढलंत हो. माझे भाऊ साधा फोनसुद्धा करत नाहीत. सख्खा का?"

"अगदी सख्खा. सगळ्या तपासण्या केल्या ना, त्याची किडनीही जुळली मला."

"अगंबाई! मग?"

ताईनं कपातला शेवटचा घोट घेतला.

"मग त्यानं शेळी घेतली."