दृष्ट लागू नये म्हणून

"अहो, बेट सोडा म्हणणारे निवडून आले!" अनसूया होडीपाशी धावत येऊन नवऱ्याला म्हणाली.

भिकाजी तांडेलाच्या हातातलं जाळं गळून पडलं. सकाळीच संसद बरखास्त झाली होती आणि दुपारच्या आत शंखाळे देशाची निवडणूक आटोपलीही होती. मत द्यायला कुणालाच जावं लागत नसे. मनगटावर बांधलेलं मतदूत नावाचं बोलकं यंत्र वर्षभर माणसाचं बोलणं ऐकायचं आणि त्यावरून त्याचं मत परस्पर टाकायचं. समुद्राचं पाणी दरसाल चढत होतं. बांध घालून राहायचं की बेट सोडायचं, एवढाच प्रश्न होता.

"माझं मत कुणाला दिलंस?" भिकाजीने मनगटाला दरडावून विचारलं.

"बेट सोडणाऱ्यांना," मतदूत अदबीने म्हणाला. "होडी लोटताना तुम्ही रोज म्हणता, बुडो मेलं एकदाचं हे बेट. चांगला शब्द एकदाही काढला नाहीत."

जिवापाड आवडणाऱ्या गोष्टीचं शंखाळ्यात कुणी तोंडाने कौतुक करत नसे. दृष्ट लागू नये म्हणून तिला शिव्याच घालायच्या, ही आज्यापणज्यांपासूनची रीत.

"अगं, तू तरी?"

"मी काय वेगळं बोलत आले?" ती डोळे पुसत म्हणाली. "सगळ्या गावाने तेच केलं."

माडांच्या सावल्या किनाऱ्यावर हलत होत्या. त्यांच्याकडे बघत भिकाजी जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "काय देखणं आहे गं आपलं बेट."

अनसूयेने सवयीने चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "अहो, दृष्ट लागेल!"

मग तिने तो हात हळूच काढून घेतला.