घसरते की घरंगळते

जपानमधल्या नागोयातल्या पाचिंकोच्या जुगारघरात चाळीस वर्षं मी फळीवरचे खिळे हातोडीने वाकवतोय. वरून सोडलेली पोलादी गोळी कुठल्या भोकात पडायची हे खिळेच ठरवतात. आता मालकाला फळ्या काढून स्क्रीन लावायचेत. स्क्रीनवरची गोळी खरी वाटते असं मी म्हटलं की माझी हातोडी बंद. स्क्रीनवरची गोळी कॉम्प्युटरवर बनवणारी हातानाका वैतागली. “काका, तीन आठवडे नुसतं नाही म्हणताय. मुद्दाम ना? घरी मुलगी मला पाहुणी समजायला लागलीय.” मुद्दामच होतं. चूक पहिल्याच दिवशी दिसली होती. “गोळीवर ठिपका काढ,” मी म्हणालो. “बघ, ठिपका फिरतच नाही. गोळी घसरतेय, घरंगळत नाही.” तिने दुरुस्ती केली. गोळी खिळ्याला घासली, गिरकी घेऊन वळली आणि मी पाडली असती त्याच भोकात पडली. “आता?” “झाली खरी. घरी जा.” ती गेली. मला उद्यापासून कुठेच जायचं नव्हतं.